अठ्ठेचाळीस पाय

एकोणीस वर्षांत सुकन्याने सोलापूर जिल्ह्यातली निम्मी लग्नं पाहिली होती, पण जेवली होती चार-पाच ठिकाणीच. नवरा इंद्रजीत शूटिंग करून यायचा आणि ती नवी पेठेतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर बसून ते लग्न कापायची, जोडायची. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, मागच्या खोलीत कुकर. एक कान सनईकडे, एक शिटीकडे.

या धंद्यातला एक नियम तिने पक्का धरला होता. आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं तोंड दिसलं पाहिजे. एकदा नवऱ्या मुलाची आत्या राहून गेली, तर बाई माडी चढून आल्या आणि सगळं लग्न दोनदा पाहून खात्री करून घेतल्यावरच रुसल्या.

यंदा पहिल्यांदाच सिनेमा हातात आला. दिग्दर्शक दिग्विजय मोडनिंबचा, वयाने तिच्या भाच्याएवढा. सांगोल्याकडच्या एका गावात त्याने धनगरांची गजी चित्रित केली होती. मधे ढोल, भोवती पांढऱ्या झग्यातले, हातात रंगीत रुमाल घेतलेले चोवीस गडी. एका कॅमेऱ्यावर इंद्रजीत होता. हा नाच जमला तर पुढचा सगळा सिनेमा ताई तुमच्याकडे, नाहीतर शनिवारी पुण्याला देतो, असं दिग्विजयने साफ सांगितलं होतं.

सुकन्याने तीन दिवस खपून नाच जोडला. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला नवं तोंड. चोवीसांतला एकही सुटला नाही. दिग्विजयने पाहिलं, छान आहे म्हणाला आणि प्यायला पाणी मागितलं. मुलगी बघून गेलेली माणसं ‘कळवतो’ म्हणतात, तो सूर सुकन्या चांगला ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी गजीचे म्होरके ज्ञानबा डोळे तपासायला सोलापुरात आले होते, ते पिशवीभर डाळिंबं घेऊन माडीवर आले. आपला नाच बघायला. सुकन्याने लावून दिला.

“तोंडं लई झ्याक आल्यात, पोरी,” ते म्हणाले. “पर गजी कुटं हाय?”

हीच की, सुकन्या म्हणाली.

“ही न्हाय. अठ्ठेचाळीस पाय संगट उचलत्यात, संगट पडत्यात, तवा गजी हुती. तू तर एकेकाला खड्यागत येचून बाजूला ठिवलंस.”

मग सत्तरीचा तो माणूस उठला आणि खोलीतच दोन फेरे नाचला. खालून दुकानदाराने विचारलं, वर काय पडलं. सुकन्याचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पाय बघत होती. पाय हवेत असतो तेव्हा जीव टांगणीला लागतो. ठोका आणि पाय एकदम पडले की सुटतो. आणि ती नेमकी ठोक्यावर कात्री चालवत होती. पाय पडायच्या क्षणी बघणाऱ्याला नवं तोंड ओळखायचं काम.

ज्ञानबा गेल्यावर तिने सगळं मोडलं. शूटिंगच्या दिवशी इंद्रजीतने गावातल्या शाळेच्या गच्चीवर कॅमेरा चालू ठेवून खाली जेवायला धूम ठोकली होती. त्या अकरा मिनिटांवरून तिने त्याला पुष्कळ ऐकवलं होतं. त्यात अख्खं रिंगण होतं. त्यातली चाळीस सेकंदं तिने कात्री न लावता ठेवली. मग रिंगणात पाय उचलला की तिथे कापायचं आणि तोच पाय जवळून, धुरळ्यात, पडताना दाखवायचा. पुन्हा रिंगण. एकवीस तोंडं गेली. दर वेळी पंगतीतून माणूस उठवल्यासारखा हात जड व्हायचा.

“अगं, ज्ञानबाचं तरी ठेव,” इंद्रजीत मागून म्हणाला.

“त्यांचा पाय ठेवलाय.”

शनिवारी दिग्विजय आला. पहिल्यांदा पाहून त्याने पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा पाहताना त्याची मान डोलू लागली. तिसऱ्यांदा मात्र त्याने मधेच थांबवलं.

“ताई, पुण्याला नाही म्हणून कळवतो.”

सुकन्याला हसू आवरेना, पण तेवढ्यात तिने पडद्यावर बोट ठेवलंच. इथे एक पाय हवा, जमिनीला कॅमेरा टेकवून घेतलेला. आमच्या यांची कंबर वाकत नाही, तेव्हा तुम्हालाच पालथं झोपावं लागेल.

“उद्या सकाळी सांगोल्याला जा,” ती म्हणाली, “आणि पँट जुनी घाला.”

दिग्विजय बरं म्हणाला.