महेबूब चाचा, भुऱ्या आणि रामलिंगचा डोंगर

साठच्या दशकाच्या सुरुवातीला आमची बटालियन उत्तरेच्या सीमेवर होती. मी लान्स नाईक होतो. आमच्या सेक्शनचा कमांडर नाईक दस्तगीर शेख. तो रामलिंगच्या डोंगरापलीकडच्या वस्तीचा, मी येरमाळ्याचा. निजामाचं राज्य गेलं तेव्हाच्या धामधुमीत त्याचे आईवडील त्याला घेऊन दोन महिने आमच्या घरी राहिले होते. पुढं सोलापूरच्या भरतीत आम्ही दोघं एकाच रांगेत उभे राहिलो.

पोस्टवरचं काम ठरलेलं होतं. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज राहायचं, सातला चहा, नऊला पेट्रोल, म्हणजे गस्त. दस्तगीर कमी बोलायचा. बोललाच तर भुऱ्याबद्दल. भुऱ्या म्हणजे त्यानं भरतीआधी पाळलेला कारवानी कुत्रा. उंच, पोट आत गेलेलं, रंगानं राखेसारखा. डोंगरात धावड्याचा डिंक गोळा करायला वडील निघाले की भुऱ्या पुढं चालतो, असं तो सांगायचा.

फेब्रुवारीत दस्तगीर मारला गेला. त्याच पेट्रोलवर आणखी दोघं गेले. परत आलो तो मी एकटा.

आठ दिवसांनी कमांडिंग ऑफिसरांनी मला बोलावलं.

"तुम उसके जिले के हो?"

"जी साहब."

"छुट्टी पर जाओ. सामान उसके पिता के हाथ में देना."

बार्शीकडून येणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीनं मी येडशीला उतरलो. दस्तगीरची ट्रंक खांद्यावर घेतली, रामलिंगच्या देवळाच्या अंगानं डोंगर चढलो आणि दुपारी दोनला वस्तीवर पोचलो. भुऱ्या आधी माझ्यावर भुंकला. मग ट्रंकेपाशी आला, तिचा वास घेतला आणि तिथंच बसला.

तार आधीच पोचली होती. दस्तगीरचे वडील महेबूब चाचा दारात उभे होते. साठीच्या आसपासचा, काटक माणूस. चाचीनं मला पाणी दिलं आणि एकच गोष्ट विचारली.

"शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

मी म्हणालो, "मी होतो, चाची. डोकं माझ्या मांडीवर होतं. त्रास झाला नाही. लगेच गेला."

यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. गाडीतच मी ते ठरवून ठेवलं होतं. चाचीनं पदरानं तोंड पुसलं आणि ती चुलीकडं गेली. चाचा माझ्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांनी कुऱ्हाड आणि झोळी घेतली.

"चल बेटा, डोंगरात जाऊन येऊ. घरात बसून जीव गुदमरतो."

आम्ही निघालो. भुऱ्या पुढं, मग चाचा, मागं मी. मार्च लागला होता. पळस फुलला होता, बाकी झाडं उघडी पडली होती. वाळलेल्या पानांत पाय घोट्यापर्यंत बुडायचा. भुऱ्या पन्नास पावलं पुढं जायचा, थांबून मागं बघायचा, आम्ही दिसलो की पुन्हा निघायचा. गस्तीच्या पुढं चालणारा चांगला स्काउट असाच चालतो. चाचा धावड्याच्या खोडावरचे डिंकाचे खडे नखानं सोडवून झोळीत टाकत होते. मध्येच त्यांनी एक झाड दाखवलं. "हितनं पडला होता दस्तगीर. सात वर्षांचा होता. रडला न्हाय. घरी सांगू नका म्हनला." मग पुढं चालू लागले.

तीन तास असे गेले. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

साडेअकराच्या सुमारास आम्ही एका घळीच्या काठानं जात होतो. चाचांचा पाय पानांवरून घसरला. खालचा मुरूम सुटला आणि ते दहा-बारा फूट खाली गेले. मी उतरेपर्यंत भुऱ्या त्यांच्यापाशी पोचला होता.

उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता. हाड बाहेर आलं होतं आणि रक्त वाहत होतं. मी माझा गमछा मांडीला आवळून बांधला, दोन फांद्या तोडून पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि त्यांच्या पटक्यानं घट्ट गुंडाळल्या. हे काम आम्हाला शिकवलेलं असतं. हात ते करतात.

मग मी त्यांना पाठीवर घेऊन चढायचा प्रयत्न केला. मुरूम पायाखालून निसटत होता. दुसऱ्या खेपेला चाचा बेशुद्ध झाले. मी त्यांना खाली ठेवलं, तोंडावर पाणी मारलं.

त्यांनी डोळे उघडले. "एकट्याला जमायचं न्हाय. वस्तीवर जा. मानसं आन."

मी उठलो नाही.

"जा की."

"तुम्हाला सोडून जात नाही, चाचा."

"का?"

मी गमछ्याची गाठ पुन्हा आवळली. ते माझ्याकडं काल दारातून बघत होते तसंच बघत होते. मग म्हणाले, "दस्तगीरला सोडून आलता का?"

मग मी खरं सांगितलं. रिपोर्ट द्यावा तसंच सांगितलं, दुसरं मला जमलं नसतं.

पेट्रोलमध्ये आम्ही चौघं. दस्तगीर, मी, शिपाई कृष्णा गावडे आणि वायरलेसवाला कुट्टप्पन. दहा चाळीसला समोरच्या कड्यावरून फायर आला. कुट्टप्पननं "कॉन्टॅक्ट, वेट", म्हणजे शत्रूशी गाठ पडलीय, थांबा, एवढं पाठवलं, आणि गोळ्यांच्या पुढच्याच बर्स्टमध्ये तो आणि त्याचा वायरलेस सेट दोन्ही गेले. गावडे त्याला ओढायला गेला, तोही पडला. दस्तगीरच्या पोटात गोळी लागली. आम्ही दगडाआड होतो. पोस्टला आमची नेमकी जागा कळलेली नव्हती. अकराला फायर थांबला. दस्तगीर म्हणाला, "पोस्टवर जा. स्ट्रेचर आण." मी म्हणालो, तुला सोडून नाही जात. तो म्हणाला, "लई न्हाय लागलं. ऑर्डर हाय. जा." मी बर्फातून पळत गेलो. दोन वीसला स्ट्रेचर पार्टी घेऊन परत आलो. तो गेलेला होता. दगडापासून हातभर पुढं सरकलेला होता. शेवटी त्याच्याजवळ कोणी नव्हतं. किती वेळ जिवंत होता, मला माहीत नाही.

चाचांनी डोळे मिटले. भुऱ्यानं त्यांच्या छातीवर तोंड टेकलं होतं. मला वाटलं, ते पुन्हा बेशुद्ध झाले.

मग ते म्हणाले, "तू पळाला न्हायस. त्यानं धाडलं म्हनून गेलास."

"पोचलो नाही वेळेवर."

"ते तुझ्या हातात नव्हतं. हे हाय. जा आता."

पाण्याची बाटली त्यांच्या हाताशी ठेवली, कुऱ्हाड ठेवली. त्या डोंगरात लांडगे होते. भुऱ्याला हाक मारली. त्यानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली ठेवली. तो येणार नव्हता. मला ते बघून पायात बळ आलं. बारा दहाला मी निघालो.

पायवाट अशी नव्हतीच. उतारावर मी दोनदा पडलो. एकाला वस्तीवर पोचलो. चाचीला एवढंच म्हणालो, "पाय मोडलाय. जिवंत आहेत." तिनं काही न विचारता घरातली बाज बाहेर ओढली. तिचा दीर, शेजारचे दोघं आणि मी, असे चौघं बाज घेऊन निघालो. चाची मागून चालत आली. परत जा म्हटलं तर ऐकलं नाही.

चढावर पोचल्यावर मी अडकलो. तिथं घळी तीन-चार, सगळ्या एकसारख्या. उतरताना मी खुणा केल्या नव्हत्या. लान्स नाईकाला ही चूक शोभत नाही. मी थांबलो. तीन वाजत आले होते. हाक मारली. चाचांचा आवाज आला नाही.

पण भुऱ्यानं ओ दिली. डाव्या हाताच्या दुसऱ्या घळीतून त्याचं भुंकणं आलं. घोगरं, थांबून थांबून येणारं. आम्ही आवाजाच्या रोखानं गेलो.

भुऱ्या चाचांच्या पुढ्यात उभा होता. एक कान फाटलेला, खांद्याला रक्त. समोरच्या मातीत कशाची तरी झटापट झाल्याच्या खुणा होत्या. चाचा घळीच्या भिंतीला टेकून बसले होते, कुऱ्हाड मांडीवर. तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण डोळे उघडे होते.

"दोन आलते," ते म्हणाले. "ह्यानं जवळ येऊ दिले न्हाईत."

बाटली रिकामी होती. अर्धं पाणी त्यांनी ओंजळीतून भुऱ्याला पाजलं होतं.

आम्ही त्यांना बाजेवर बांधून वर काढलं. येडशीपर्यंत बाज, तिथून बैलगाडीनं उस्मानाबादचा सरकारी दवाखाना. पाय वाचला. आयुष्यभर लंगडत चालले, पण चालले. बाजेवर असताना, चाची मागं राहिली तेव्हा, ते मला हळूच म्हणाले होते, "घरी सांगितलंस तेच राहू दे." मी मान डोलावली होती.

त्यानंतर दर रजेला मी वस्तीवर जाऊ लागलो. चाची भाकरी वाढायची, माझ्या पोरांची चौकशी करायची. त्या दिवसाबद्दल तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटायचं, माझ्या शब्दावर तिचा विश्वास बसला आहे.

चार वर्षांनी भुऱ्या म्हातारा होऊन गेला. चाचांनी त्याला डोंगराच्या पायथ्याला पुरलं आणि वर दगड रचले. पुढच्या हिवाळ्यात चाचाही गेले. मी हवालदार झालो होतो. कळवल्यावर तीन दिवसांनी पोचलो.

घरात गर्दी ओसरली होती. चाचीनं मला जवळ बसवलं.

"दवाखान्यातून आल्या रातीलाच यांनी मला समदं सांगितलं होतं," ती म्हणाली.

इतकी वर्षं तिनं मला वाढलेलं जेवण मी खोटं बोलणारा माणूस म्हणून जेवलो होतो, आणि ते तिला ठाऊक होतं.

"माफ करा, चाची."

"माफी कशाची? तू आईला बघून बोललास." मग ती म्हणाली, "त्याच्यासंगं आजून दोघं गेलते ना? त्यांच्या आया मला म्हाईत न्हाईत. नावं सांग. दुआत दस्तगीरच्या नावापाठी घेत जाईन."

मी सांगितलं. शिपाई कृष्णा गावडे, बेळगावकडचा. शिपाई कुट्टप्पन, मलबारचा. पहिलं नाव तिला लगेच जमलं. दुसरं जमेना. मी ते चार-पाच वेळा सावकाश म्हणून दाखवलं, आणि ती माझ्यामागून म्हणत राहिली, नीट येईपर्यंत.