खंडेराव साहेबांचे साडेनऊ

खंडेराव साहेबांबद्दल लिहावं की नाही, हे ठरवण्यातच महिना गेला. लिहिणं हे माझं काम नाही. पण त्या संध्याकाळी जे पाहिलं ते अजून पचलेलं नाही.

दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात ते माझे साहेब होते. निवृत्तीनंतर आम्ही गाझियाबादला एकाच सोसायटीत आलो. ते तिसऱ्या मजल्यावर, मी तळाला. हाताखालच्या माणसांना वर्षाअखेरीस दहापैकी गुण द्यावे लागत. बाकीचे साहेब नऊ-साडेनऊ सहज देऊन टाकत. यांचे गुण सातवर थांबत. एकदा सहसचिवांनी कुणाचे तरी वाढवायला सांगितले, तर "दिलेले गुण मी बदलत नाही," म्हणून यांनी फाईल तशीच परत पाठवली. घरीही तीच रीत. आमटीला सहा, रांगोळीला पाच. मुलगी रेवती बारावीत शाळेत पहिली आली, पेढे घेऊन धावत घरी आली, तेव्हा तिला सात.

गेल्या डिसेंबरात साहेब सत्तर वर्षांचे झाले. रेवती आणि जावई चिन्मय गुडगावहून आले. रेवतीला कंपनीने नुकतंच मोठं पद दिलं होतं. परदेशातलं काम आटोपून येताना तिने बाबांसाठी एकवीस वर्षं जुनी ब्लेंडेड स्कॉच आणली होती. जिन्यात भेटली तेव्हा मला म्हणाली, "श्यामकांतकाका, आज बाबांकडून आठ काढतेच. माझ्यासाठी नाही तर निदान माझ्या निवडीसाठी." हसत म्हणाली, पण पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

आम्ही वर गेलो तेव्हा साहेब पानिपतचं ब्लँकेट गुडघ्यांवर घेऊन बसले होते. चिन्मयने मोबाईल काढला. वासाला किती, चवीला किती आणि एकूण किती, असं तो त्यात नोंदवणार होता.

"ब्लेंडेड म्हणजे भेसळ का?" साहेबांनी विचारलं.

"नाही बाबा, बऱ्याच पिंपांतली एकत्र केलेली. पण वय त्यातल्या सगळ्यात कोवळीचं लिहितात. बाकीच्या याहून जुन्या."

"म्हणजे सर्वात कनिष्ठाची सीनियॉरिटी लावतात. प्रामाणिक लोक दिसतात."

त्यांनी बराच वेळ वास घेतला. "थंडीच्या कपड्यांची लाकडी पेटी उघडावी तसा आहे. आणि तिच्या तळाशी कुणीतरी मनुका विसरलंय." मग एक घोट घेतला. शेजारच्या सुभेदारांची लष्करी कॅन्टीनमधली रम ते काढा प्यावा तशी पितात, हे मी पाहिलेलं आहे. आज त्यांनी डोळे मिटले आणि लवकर उघडलेच नाहीत.

"साडेनऊ," ते म्हणाले.

साहेबांच्या पत्नी चंद्रप्रभावहिनी कोथिंबीर वडीची ताटली घेऊन दारातच थांबल्या. मला ठसका लागला.

"आऊट ऑफ ट्वेंटी, बाबा?" चिन्मयने जपून विचारलं.

"दहापैकी."

रेवतीने आपला ग्लास खाली ठेवला. तिचा चेहरा पाहून मी नजर वळवली.

"बाबा, मला सात होते."

"होते."

"आणि या बाटलीला साडेनऊ."

"बाटली शेफारत नाही, रेवती."

"मी शेफारले असते?"

साहेबांनी गुडघ्यांवरचं ब्लँकेट सारखं केलं.

"मी तर लग्नापासून साडेपाचवर आहे," वहिनी म्हणाल्या. "मी कुणाकडे अपील करायचं?" एरवी यावर सगळे हसले असते.

रेवतीने बाटलीला बूच लावायला घेतलं. ते नीट बसेना. "चिन्मय, चलो. नंतर ट्रॅफिक लागेल."

"थांब," साहेब म्हणाले. "चिन्मय, लिहिलंस का?"

"हो बाबा. साडेनऊ."

"खोड ते. सहा कर."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. सहसचिवांनी सांगूनही गुण न बदलणारा माणूस हा.

"सहा? आत्ताच तर तुम्ही..."

"बाटली रेवतीच्या वर जाणार का?" ते ग्लासाकडे बघत होते. "माणसाला मी सातच्या वर कधी गेलोच नाही. कुणालाच नाही. वर गेल्यावर पुढे काय बोलायचं असतं, ते मला येत नाही."

रेवती हातात बूच धरून तशीच उभी राहिली. वहिनींनी ताटली टेबलावर ठेवली. मग रेवती खाली बसली. बाटली उचलून म्हणाली, "ही सहा गुणांची अजून थोडी देऊ का?"

"दे की."

ती त्यांनी सावकाश, शेवटपर्यंत संपवली. तळाला राहिलेला थेंबसुद्धा ग्लास उलटा करून घेतला. माझ्यासमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

खाली घरी आलो, बूट काढायला बसलो, आणि एक बूट हातात तसाच राहिला. नोकरीत असताना मला ते दरवर्षी सहाच द्यायचे. हे मी आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही.