टिकारामचं बोट

सुलोचनाला गप्प बसता येत नसे, आणि सिहोऱ्यात हा तिचा मोठाच दुर्गुण मानला जाई. १९८४ साली तोच कामी आला.

तिची लेक गुलाब सांधे धरून कण्हायची. भंडाऱ्याला नेल्यावर रक्तातला सिकलसेल आजार निघाला. डॉक्टरांनी आईचंही रक्त तपासलं, त्यातही दोष सापडला. बाप टिकाराम तेव्हा बाहेर टपरीवर चहा पीत होता; त्याचं बोट टोचायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. झालं. सासू बायजाबाईने गावभर केलं की सुनेचं रक्त नासकं, आणि टिकारामसाठी दुसरी बायको बघायला लाखनीला माणसं धाडली. टिकाराम मान खाली घालून बसला. असल्या मुक्या नवऱ्याचा राग येतो, दुसरं काय.

सुलोचना सातवी शिकलेली. तिने सरळ एसटीने तुमसर गाठलं आणि वाचनालयात म्हणाली, "मायबापाचे रोग लेकराले कसे येतात, त्याचं पुस्तक द्या."

ग्रंथपालाने कादंबरी पुढे केली. तिने ती परत सरकवली. शेवटी आनुवंशिकतेवरचं एक धूळ खात पडलेलं पुस्तक निघालं. कितीतरी शब्दांवर ती अडखळली, पण एक चित्र तिला चटकन कळलं. असा दोष आईकडून एक वाटा आणि बापाकडून एक वाटा आला, तरच लेकरू आजारी पडतं. एकट्या आईमुळे नाही. ती बाकावर बसल्या बसल्या हसली, आणि मग भयंकर संतापली.

पुढे गावच्या शाळेत रक्ततपासणीचं शिबिर लागलं. बायजाबाईही बघायला आली. सुलोचनाने नवऱ्याचं मनगट धरून त्याला स्टुलावर बसवलं.

"मले काय झालं?" तो म्हणाला. "मी त धडधाकट हावो."

"मीबी धडधाकटच हावो. मंग मलेच कायले हाकलून राहिले? द्या बोट."

दोष असला की नळीतलं औषध गढूळ होतं, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. टिकारामच्या रक्ताचा थेंब पडला, आणि थोड्या वेळाने औषध गढूळ झालं.

बायजाबाई पुटपुटली, "माया पोराच्या रक्तात हे कोठून आलं?"

सुलोचना याच प्रश्नाची वाट पाहत होती. तिने टिकारामला उठवलं, स्टूल पदराने पुसलं आणि सासूपुढे सरकवलं.

"त्याच्या मायबापाकडून, आत्याबाई. पुस्तकात हाये. बसा, बोट द्या."

बायजाबाईने हात पदराखाली लपवला. लाखनीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.