धुडकू नानांचे सात सेकंद

पाणी दिसलं की धुडकू नाना वाकायचे. माठ असो, हौद असो, पाहुण्यांच्या घरचा तांब्या असो. आधी वाकून आत बघायचं आणि मग रामराम. एसटीच्या ड्रायव्हरने वाटेत रेडिएटरचं झाकण उघडलं, तर त्याच्या खांद्यावरून आत डोकावणारं पहिलं डोकं नानांचं. धरणगावकडे तर असं सांगतात की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा नानांनी आधी कलशात बघितलं आणि मग नवरीकडे. हे सांगणारा मीच आहे, पण तेवढ्यावरून गोष्ट खोटी ठरत नाही.

आमची पहिली भेट अमळनेरला, आमच्या मळ्यात. मला नोकरीचा हुकूम आला होता. लांब समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात, प्रशिक्षण विभागात कारकून. तिथे धरणगावकडचे एक गृहस्थ पंचवीस वर्षं आहेत असं कळल्यावर वडिलांनी, सुट्टीवर आलेल्या नानांना चहाला बोलावलं. नाना फाटकातून आले ते खाटेकडे न येता तडक विहिरीवर गेले. कठड्यावर दोन्ही हात रोवून असे वाकले की वडिलांनी धावत जाऊन मागून त्यांचा सदरा धरला.

"पानी दोन हात खाले गयं, आबा. मोटर जपीसन लावा," नाना आतूनच म्हणाले. तो आवाज विहिरीतून घुमून असा वर आला की कडुलिंबावरचे बगळे उठले ते म्हणे तापी ओलांडल्यावरच बसले. मग माझ्याकडे वळून, "हाऊ पोऱ्या का?"

"हुशार शे," वडील म्हणाले.

"हुशार तठे बठ्ठा शेतस. ऐकनारा पाहिजे." हुशार तिथे सगळेच आहेत, ऐकणारा हवा, असं नानांचं म्हणणं.

तिथे गेल्यावर कळलं की केंद्रातली अणुभट्टी केव्हाच कायमची बंद झालेली आहे. उरलं होतं ते तिचं वापरलेलं इंधन. ते इंधन बाहेर काढलं तरी वर्षानुवर्षं धगधगतच असतं, म्हणून त्याच्या कांड्या खोल पाण्यात बुडवून ठेवायच्या. कागदावर त्या जागेला पावणेदोन ओळींचं नाव होतं. आम्ही कुंड म्हणायचो. तळाशी निळसर, वर आरशासारखं स्थिर. आमचं सगळ्यांचं काम म्हणजे त्या पाण्याची राखण. पाणी थंड राहिलं पाहिजे, स्वच्छ राहिलं पाहिजे आणि मुख्य म्हणजे कमी होता कामा नये.

ही राखण शिकवायला धुडकू नाना. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पुस्तक नाही, पाठ नाही. डोळ्यांवर उपरणं बांधायचं आणि कुंडाच्या दालनातून बाहेरचा दरवाजा शोधायला लावायचा. कपाळावर टेंगूळ न येता जो बाहेर पडला, त्याला संध्याकाळी नानांच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी. ते भरीत इतकं तिखट असायचं की एक तमिळ इंजिनियर तीन दिवस फक्त खुणांनी बोलत होता. "आठे पानी म्हनजे भिंत शे," नाना सांगायचे. "भिंत पडाले लागनी ते माणूस पयस, देखत बसत नही." म्हणजे इथे पाणी हीच भिंत, आणि भिंत पडायला लागली की माणूस पळतो, बघत बसत नाही. कुंडाच्या कामाचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात होतं. पाणीच आपल्याला वाचवतं; ते कमी झालं तर काठ हीच सगळ्यात घातक जागा. म्हणून भोंगा वाजला की पहिलं काम बाहेर पडणं, दुसरं दारात माणसं मोजणं, आणि पाणी किती आहे ते बाहेरच्या काट्यावर बघणं तिसरं.

हे सगळं दरवर्षी पुन्हा शिकायचं असे. तीन आठवडे उजळणी आणि शेवटी परीक्षा. नवा असो की पांढऱ्या मिशांचा, नापास झाला की कुंडाचा परवाना गेला. आणि ही उजळणी यायची नेमकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. खान्देशी माणसाला दिवाळीत अडवा, तो कुरकुर करेल; आखाजीला अडवा, तो शाप देईल. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडाझाडाला झोके बांधलेले असतात, आणि आम्ही दोघं समुद्राकडे तोंड करून पंपाच्या आकृत्या घोकत बसायचो. धरणगावहून अक्कांचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, फोन यायचा: "यंदा बी नही का? पोरी इचारतस, बाप आमना शे का समुद्रना?"

नानांच्या नोकरीचे शेवटचे पाच महिने उरले आणि मोठ्या साहेबांना सुचलं की नियामक मंडळाकडे सूट मागावी. नियमातच तशी सोय होती: बंद केंद्राला काही अटी लागू पडत नसतील तर कारण दाखवून सूट मागता येते. साहेबांचं कारण असं, की भट्टी बंद, इतक्या वर्षांत एकही अपघात नाही, आणि माणसं अशी मुरलेली की झोपेतही चुकणार नाहीत. तेव्हा दहा वर्षांवर नोकरी झालेल्यांना वार्षिक उजळणी आणि परीक्षा माफ व्हावी. तो अर्ज मीच टाइप केला. आयुष्यात इतक्या आनंदाने मी दुसरं काही टाइप केलेलं नाही, स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा नाही. अर्जाखाली मुख्य प्रशिक्षकाची शिफारस लागत होती. म्हणजे नानांची सही.

नानांनी अर्ज तीनदा वाचला. साहेब पेन उघडून उभेच.

"साहेब, सही करतो," नाना म्हणाले. ऑफिसात ते नीटनेटकं मराठी बोलायचे, पण आवाज मात्र धरणगावचाच. "फक्त एक करा. ज्यांना उजळणी नको म्हणता, त्यांतला सगळ्यात मुरलेला मी. माझी परीक्षा घ्या. न सांगता, कधीही. पास झालो की लगेच सही."

"तुमची परीक्षा? अहो नाना, परीक्षाच तुमच्यापुढे नापास होईल!"

साहेब हसले. आम्ही सगळे हसलो. नानाही हसले, हे मी मुद्दाम सांगतो. कारण पुढे लोक म्हणायला लागले की म्हाताऱ्याने सगळं ठरवून केलं. नाही. आपण पास होणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी त्याच दुपारी आखाजीचं रेल्वेचं तिकीटसुद्धा काढलं, आणि माझंही.

साहेबांनी सहीची जागा रिकामी ठेवून अर्ज मंडळाकडे पाठवला, आणि तपासणीला मंडळाच्या बाई आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा लावणाऱ्या, आणि इतक्या हळू बोलणाऱ्या की त्यांचं ऐकायला भिंतीही पुढे झुकायच्या. तीन दिवस नुसत्या वह्या चाळत बसल्या. चौथ्या दिवशी सकाळी नाना दोन मदतनिसांबरोबर कुंडाच्या दालनात असताना बाईंनी बाहेरून बटण दाबलं. भोंगा बोंबलला. मी बाईंच्या शेजारी काचेपाशी हातात घड्याळ घेऊन उभा होतो, पलीकडे साहेब.

"बाहेर! बठ्ठा बाहेर!" नानांची आरोळी भोंग्याच्या वर गेली. दोघा मदतनिसांना त्यांनी अक्षरशः दारातून फेकलं. झकास. साहेबांनी टाळीसाठी हात उचलले. आणि मग नाना मागे वळले, चार ढांगांत कठड्याशी गेले, दोन्ही हात रोवले आणि वाकले.

अगदी अमळनेरच्या आमच्या विहिरीवर वाकले होते तसे.

सात सेकंद. मग ते ताठ झाले, सावकाश बाहेर आले, आणि त्यांचा चेहरा पाहून आम्हाला कळलं की काय झालं ते त्यांना आमच्याआधी कळलंय. ज्याच्या गावात पावसाळा दोन नक्षत्रांत आटोपतो, त्याचा हिशोब डोळ्यांनी पाणी पाहिल्याशिवाय सुरूच होत नाही. हजार जणांना "बघत बसू नका" शिकवलेला माणूस पहिली संधी मिळताच बघायला गेला होता.

"तशी पाण्याला काही झालेलं नव्हतंच," साहेब घाईघाईने म्हणाले. "सातच सेकंद. जुनी सवय. याची नोंद कशाला?"

बाईंचं पेन थांबलं. खरंच थांबलं, त्यांनाही त्या पांढऱ्या मिशांची दया आली असावी. नानांनी त्यांच्या हातून तो कागद घेतला, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'भोंग्यानंतर काठावर गेला. वाकला. नापास.' खाली सही केली. साहेब अर्जावर जी सही मागत होते, ती ही अशी मिळाली.

अर्ज महिन्याभरात परत आला. सूट नामंजूर. कारणाच्या जागी नानांचंच वाक्य.

त्यानंतर केंद्रात नानांशी बोलणं म्हणजे गुन्हा झाला. कँटीनमध्ये ते ज्या टेबलावर बसत, ते टेबल रिकामं होई. कोणाच्या बहिणीचं लग्न बुडालं, कोणाचं देवदर्शन. माझी आखाजी बुडाली. मीही आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी रागाच्या भरात खोलीवर जाऊन म्हणालो, "नाना, तुमचे पाचच महिने राहिले होते. गप्प बसला असतात तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"माले सांग भाऊ," ते शांतपणे म्हणाले, "मीच वाकनू, ते बाकीना वाकावत नहीत का? अन त्या दिवशी पानी खरंच कमी ऱ्हातं ते?"

त्यांचं पटलं. पटलं म्हणून मी अजून चिडलो, आणि चिडलो म्हणून भरीत खाऊनच परतलो.

परवाना गेलेला माणूस कुंडाच्या दालनात एकटा पाऊल टाकू शकत नाही. राहिलेले महिने गेटबाहेरच्या खुर्चीत पेपर वाचत काढले असते तरी नानांना कोणी काही म्हटलं नसतं. पण आखाजीच्या तीन आठवडे आधीच्या सोमवारी उजळणीचा वर्ग भरला तेव्हा पहिल्या बाकावर नवी वही घेऊन नाना बसलेले. शिकवायला सुनंदा, नानांनीच तयार केलेली. तिने खडू उचलून पुन्हा खाली ठेवला. "बाई, सुरू करा," नाना म्हणाले, "अन माझी गय करू नका." तिने केली नाही. सरावात भोंगा वाजला की ती ओरडायची, "नाना, पाठ! पाण्याला पाठ!" आणि नाना दात-ओठ खाऊन पाठ फिरवायचे. संध्याकाळी खोलीत पाण्याची बादली मधोमध ठेवायची, मी ताट वाजवायचं आणि त्यांनी न बघता दार गाठायचं, हा आमचा खेळ. मी इतकी ताटं वाजवली की शेजाऱ्यांना वाटलं कोणाच्या तरी घरी पोर झालं. पहिल्या आठवड्यात त्यांची मान दर वेळी वळली. दुसऱ्या आठवड्यात फक्त डोळे वळले. तिसऱ्या आठवड्यात घामाघूम होऊन ते सरळ बाहेर गेले आणि दारात उभं राहून लहान मुलासारखे मोठ्याने म्हणाले, "नही देखं!"

त्या आखाजीला अक्कांचा फोन आला तेव्हा नाना परीक्षेला बसले होते. मी सांगितलं. पलीकडे त्यांनी पोरींना हाक मारून ते सांगितलं. मग, "या वयात इद्यार्थी? बरं. पास व्हया ते कळाडज्यो."

पास झाले. परवाना परत मिळाला, आणि उरलेले महिने त्यांनी कुंड राखलं. मग निरोपाचा नारळ घेऊन धरणगावच्या एसटीत बसले.

पुढे मी एकदाच त्यांच्या शेतावर गेलो होतो. विहिरीभोवती दहा पावलांवर चुन्याची गोल रेघ होती आणि काठावर बांबूला लाल चिंधी, पाण्याबरोबर खालीवर होणारी. पाणी बघायचं ते रेघेबाहेरून, चिंधीवर. गावाने चेष्टा करायची काही बाकी ठेवली नव्हती: "नाना, हिरमा काय इंधन ठेयेल शे?" म्हणजे विहिरीत इंधन ठेवलंय का. नाना त्यांना म्हणत, "सवय हिरीवर लागनी, ती हिरीवरच तोडनी पडी."

यंदा आखाजीला मला पहिल्यांदाच सलग सुट्टी मिळाली. उजळणी संपवून, पास होऊन मिळाली. पण धरणगावला पोचलो तो नानांना जाऊन दोन महिने झाले होते. अक्कांच्या हातचा चहा घेतला आणि उठून शेतात गेलो. चुन्याची रेघ ताजी होती, कोणीतरी नुकतीच ओढलेली. चिंधी बरीच खाली गेली होती. मला एकदम वाटलं, त्या पाण्यात बघावं. इतकी वर्षं नाना बघत होते ते काय, एकदा बघावं. मी पाय उचलला.

"ओ भाऊ!" मागून अक्कांचा आवाज आला, थेट भोंग्यासारखा. त्या बांधावर उभ्या होत्या, हातात चुन्याचं डबडं. "रेघना बाहेर! पाहुना ऱ्हाय का कोनी बी ऱ्हाय, आठे कोनलेच सूट नही."

मी पाय मागे घेतला आणि पाण्याला पाठ केली.