कस्तुराबाईचा जानोसा

माझ्या लग्नाचं वऱ्हाड उतरायचं होतं कस्तुराबाईच्या घरी.

वाशीमच्या वेशीबाहेर तिचं चार खोल्यांचं घर आणि मागे वांग्या-मिरच्यांची वाडी. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. विहीर दिराशी, दौलतरावाशी, सामाईक. मोटेची पाळी हिच्याकडे दर तिसऱ्या दिवशी यायची. लगीनसराईत ती आपलं घर जानोशाला, म्हणजे वरपक्षाला उतरायला, देई आणि स्वतः गोठ्यात राही.

१९२६चा वैशाख. माझ्या वडिलांनी चार दिवसांचे पंधरा रुपये ठरवले. चाळीस माणसं, सोळा बैल. "पाणी कमी पडता कामा नये," एवढं बजावलं. म्हणून कस्तुराबाईने तीन पाळ्या वाडीला थेंबही दिला नाही, सगळं पाणी हौदात भरलं. वांग्यांनी माना टाकल्या तेव्हा दौलतराव म्हणाला, "वयनी, वाडी मारून राह्यली तू."

"चार दिस कळ काढतीन झाडं. वऱ्हाड गेलं का उरलं पाणी तिकडंच सोडतो. भाड्यात बैलाची वैरण तरी निघंल."

वऱ्हाड यायच्या दिवशी सकाळी माझ्या चुलतसासऱ्यांचा निरोप आला: माळ्याच्या घरी आम्ही उतरणार नाही. वडिलांनी 'का' म्हणून विचारलं नाही. धावपळ करून एका कापसाच्या जिनवाल्याचा बंगला मिळवला. पण तिथली विहीर आटलेली. दुपारी आमच्या दोन बैलगाड्या पिंपं घेऊन कस्तुराबाईच्या अंगणात उभ्या राहिल्या. "आमच्यासाठीच भरलेलं ना हे?" म्हणून गडी हौदात उतरले. दिवस मावळायच्या आत हौदाचा तळ दिसला. माळ्याचं घर चाललं नाही; माळ्याच्या पाण्याने चाळीस जणांच्या आंघोळी झाल्या.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्या ओसरीवर आली. पाहुणे पान खात बसले होते.

"मालक, घर सारवलं, चुना मारला. तुमच्यापायी दुसरं वऱ्हाड वापस लावलं म्या."

"कोणी राहिलंच नाही कस्तुरे, मग भाडं कशाचं?"

"मंग पाण्याचं द्या. वाडी जळून राह्यली माही."

वडील हसले. "पाण्याचे पैसे कोणी घेतं का? पुण्य लागलं म्हण."

पाहुणेही हसले. चुलतसासरे म्हणाले, "फारच तिखट जिभेची दिसते बाई." वडिलांनी तिच्यापुढे पानावर दोन लाडू ठेवायला लावले. ते तिने उचलून पायरीवर ठेवले.

"तुमच्या सोळा बैलाईले चारा," म्हणाली आणि गेली.

मी दारातच उभी होते. अमरावतीच्या नन्सच्या शाळेत सात वर्षं शिकलेली. आत आहेर मोजायला गेले. माझ्या रोजनिशीत त्या तारखेला आहेरात आलेल्या अठरा लुगड्यांची रंगांसकट यादी आहे. तिच्याखाली एक ओळ: 'जानोशावाली येऊन गेली.'

वाडी त्या उन्हाळ्यात गेलीच. विकायला भाजी नाही, बैलाला वैरण नाही. तिने बैल विकला आणि मोट थांबली. दौलतरावाने वाडी आधी बटाईने, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, घेतली, मग नावावर करून घेतली. जानोशालाही पुढे कोणी तिचं घर मागितलं नाही. अमक्यांच्या व्याह्यांनी नाकारलेलं घर, ही ओळख त्याला चिकटली.

१९३८ साली मी विधवा होऊन माहेरी परतले. वडील राहिले नव्हते. आठवड्याभरातच दारावर हाक आली, "वांगेऽ घ्या वांगे." कस्तुराबाई. टोपलीत दौलतरावाची वांगी, तिच्याच जुन्या वाडीतली. रोजाने विकत होती.

मी आतून पंचवीस रुपये आणून तिच्या हातात ठेवले. तिने ओळखलं मला.

"भाड्याचे का पाण्याचे?"

"दोन्हीचे, कस्तुराबाई."

तिने पंधरा मोजून पदराच्या गाठीला बांधले. दहाची नोट उंबऱ्यावर ठेवली.

"हे राहू द्या. पाण्याचे पैसे कोनी घेते का?"

मग तराजू उचलला.

"वांगे किती देऊ?"