वडलांची गोळी

पिंगळी स्टेशनाजवळच्या माझ्या मेडिकलवर तो नेहमी येतो. वय पन्नाशीच्या आतबाहेर. आत गिऱ्हाईक असलं की पायरीखालीच घुटमळतो, मग हळूच म्हणतो, "वडलांची बीपीची गोळी द्या." शेजारच्या गाड्यावर भजी खातो, मीठ लावलेली मिरची मात्र पुन्हा मागून घेतो.

मला हा माणूस पहिल्यापासून खटकायचा. गोळी वडलांची, तर घाम याला का फुटतो? गोळ्यांचं पाकीट पिशवीत न टाकता बंडीच्या आतल्या खिशात का कोंबतो? म्हाताऱ्याला गोळी पोचते तरी का?

परवा त्याचे वडीलच आले, नातीसाठी खोकल्याचं औषध न्यायला. मी बीपीचं विचारलं. म्हातारा हसला.

"मला कसला बीपी? लेक म्हणतो, आबा, तुमी अन् पोरी खुशाल ऱ्हावा. मी धडधाकट हाय."

काल तो आला. "वडलांची गोळी द्या."

गोळ्या देत मी म्हणालो, "वडलांना सांगा, मीठ बंद करा. अन् डॉक्टरला लवकर दाखवा."

त्यानं पाकीट आतल्या खिशात सारलं. "सांगतो," म्हणाला.

बाहेर गाड्यावर त्याची भजी तयार होती. त्यानं वरची मिरची उचलून परत दिली.