चैनीच्या रकान्यात

त्याने लाल मार्कर उघडला आणि फळ्यावर माझ्या घरखर्चाच्या एका ओळीवर काट मारली. ओळ होती, विहार वर्गणी, महिन्याला शंभर रुपये.

"ताई, हे झेंडे, डीजे, बॅनर. तुमच्या लोकांचं इथंच चुकतं. पैसा आला की मिरवणुकीत गेला."

समोर तीसेक बायका बसल्या होत्या. काही हसल्या. त्याने फळ्याच्या उजव्या बाजूला 'चैन' असं लिहिलेल्या रकान्यात माझे शंभर रुपये नेऊन टाकले.

समुद्रपूरच्या एका मंगल कार्यालयात तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. घरचा आणि धंद्याचा पैसा कसा सांभाळायचा, हा विषय. शिकवणारा नागपूरहून आलेला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, आवाज गोड. मी शाळेचे गणवेश शिवते. कपड्यांच्या कडा पक्क्या करणारं इंटरलॉक मशीन मला घ्यायचं होतं. बँकेच्या कर्जाच्या अर्जाला या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडायचं होतं. जूनच्या आत मशीन आलं नाही, तर गणवेशाचा हंगाम हातचा जाणार होता. म्हणून मी तिथे होते.

तो काट मारत होता तेव्हा मी काय केलं, ते लिहायला हवं. मी पेन उचललं आणि माझ्या वहीतही तीच ओळ खोडली. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला. त्या दिवसाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याची.

पुढची पाळी माझ्या शेजारी बसलेल्या कुंदाताईची होती. घरची शेती, जोडीला पापड-शेवयांचा धंदा. तिच्या यादीत होतं, दर पौर्णिमेला पूजा, पाचशे रुपये. त्याने ते 'गरज' या रकान्यात लिहिलं.

"घरात शांती असली की धंदा चालतो," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही.

शेवटी कागद वाटले. वर छापलं होतं, 'मी पुढील अनावश्यक खर्च बंद करण्याचा संकल्प करते.' खाली रिकामी ओळ आणि सहीची जागा. तो माझ्या खुर्चीपाशी आला.

"विहार वर्गणी लिहा आणि सही करा."

मी विचारलं, "सर, वर्गणी कायची हाय, हे इचारलं काय तुमी मले?"

"त्यात विचारायचं काय? नागपुरात दरवर्षी जयंतीला बघतो ना."

"विहारात अभ्यासिका हाय. तिथं पोरं अभ्यास करतात. लायटीचं बिल, पेपर, पुस्तकं, याच्यातच जातात ते पैसे."

"चांगलं आहे. पण मुलं घरीही अभ्यास करू शकतात."

"माहं घर एका खोलीचं हाय. त्याच खोलीत मशीन चालते."

माझी मुलगी बारावीचं पूर्ण वर्ष त्या अभ्यासिकेत बसली. आता ती सेवाग्रामला नर्सिंग शिकते. हे मी त्याला सांगितलं नाही. शंभर रुपये खर्च करायला मला निकालपत्रक दाखवावं लागणार असेल, तर ते मला दाखवायचं नव्हतं.

कुंदाताई मध्येच बोलली. "सर, मंग माही पूजा बी तिकडं चैनीत टाका. भटजीचा फराळ धरून सातशे होते. पाचशे त मी लाजून लिहिले."

आता सगळ्या हसल्या. तो नाही हसला.

"मावशी, धर्माचा विषय इथे नको."

"मंग माहा विषय कोणता होता?" मी विचारलं.

त्याने घड्याळ पाहिलं. "सही नाही तर प्रमाणपत्र नाही. नियम आहे."

"राहू द्या तुमच्यापाशी."

मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. माझ्यामागून कोणी आलं नाही. कुंदाताईही नाही. तिलाही कर्ज हवं होतं. मी तिला दोष देत नाही.

हंगामाआधी मशीन आलं नाही. दोनशेवीस कपड्यांच्या कडा मी हिंगणघाटहून करून आणल्या. नगाला आठ रुपये. सतराशे साठ रुपये आणि वर एसटीचं भाडं. विहाराची वर्षाची वर्गणी होते बाराशे. नकाराची रोख किंमत त्याहून जास्त पडली. ती मी दिली.

त्याने शिकवलेलं सगळंच खोटं नव्हतं. धंद्याचा आणि घरचा पैसा वेगळा ठेवा, हे त्याचं बरोबर होतं. पूर्वी माझा एकच डबा होता. त्यातूनच दोरा यायचा, त्यातूनच तेल यायचं. आता दोन डबे आहेत, दोन वह्या आहेत. पण वह्या वेगळ्या केल्यावर मला एक गोष्ट दिसली. त्याच्या फळ्यावर माझी मजुरी कुठेच नव्हती. कापड होतं, दोरा होता, वीज होती. रोज दहा तास मशीनवर बसणारी बाई नव्हती. तिने केलेला खर्च तेवढा होता. आणि इतकी वर्षं माझ्या वहीतही ती नव्हती. मीही तिला फुकटच राबवत होते.

आता धंद्याच्या वहीत पहिली नोंद माझ्या मजुरीची असते. रोजचे तीनशे. ते घरच्या डब्यात जातात. त्या डब्यातून काय विकत घ्यायचं आणि कुठे वर्गणी द्यायची, ते मी ठरवते.

गेल्या महिन्यात मी बँकेत अर्ज दिला, प्रमाणपत्राशिवाय. दोन्ही वह्यांच्या झेरॉक्स जोडल्या. कोणतीही ओळ लपवली नाही.

खिडकीवरचा माणूस म्हणाला, "असा अर्ज चालत नाई बाई."

"चालत नाई, हे लिहून द्या."

त्याने लिहून दिलं नाही. अर्ज ठेवून घेतला. मी पोच घेतल्याशिवाय हलले नाही.

नामंजूर झाला तर कारण लेखी मागेन. दुसरा अर्ज देईन. तिसरा देईन. मशीन तारण घ्या. हप्ता चुकला तर उचलून न्या. माझं घर कसं चालतं, ते तारण नाही. त्यावर मी कुठेही सही करणार नाही.